सुंदराबाईचा शब्द आणि लष्करी रेडिओ

देवमन मास्तरांनी अकोल्याच्या भंगारबाजारातून लष्कराचा जुना रेडिओ आणला, तेव्हा तो मोटारीच्या टपावरून उतरवायला दोन गडी लागले. मास्तरांच्या आईनं, सुंदराबाईनं, ओट्यावरूनच विचारलं, "काय रे बाप्पा, तोफ आनली का?"

रेडिओ होता पोलादी, हिरवागार, अंगभर बटणं. खोट एकच. त्यातून मोठा आवाज निघत नसे. हेडफोन कानाला लावून एकानं ऐकायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायचं. नांदगाव खंडेश्वरच्या त्या गल्लीतला हा पहिलाच रेडिओ. ज्यानं त्यानं यावं, 'जय भीम' करावा आणि कान पुढं करावा. मास्तर मोठे भिडस्त. दारी आलेल्याला पाणी नाकारत नाहीत, मग रेडिओ तरी कसा नाकारायचा?

अशात मास्तरांच्या बायकोला, ललिताला, अकोल्याच्या माहेरून सांगावा आला. तिच्या वडिलांची, चंद्रभानची गायनपार्टी नागपूरच्या रेडिओवर गाणार होती. शुक्रवारी संध्याकाळी, गावकऱ्यांच्या कार्यक्रमात. ललिता आनंदानं नाचायचीच बाकी राहिली. दोन वर्षं झाली, सुंदराबाईनं तिला माहेरी पाठवलं नव्हतं. "त्या भिकारड्या घरी काय ठेवलं हाये?" हे तिचं ठरलेलं उत्तर. या वेळी मात्र सुंदराबाई चार बायांदेखत बोलून गेली, "तुया बाप रेडिओत गायला अन् म्या माह्या कानानं आयकलं, तं दुसऱ्या दिशी तुले सोता मोटारीत बसवून देईन."

"मंग हेडफोन लावा, आत्याबाई."

"ते टोपरं मी डोक्याले लावत नसते. चारचौघीत बसून आयकीन, नाई तं नाई."

झालं! मास्तरांनी कंबर कसली. लग्नात भोंगा लावणाऱ्या गोवर्धनला गाठलं. भोंगा शाळेच्या मैदानातल्या लिंबावर चढला. त्याचं मशीन आणि मशीनची बॅटरी लिंबाखाली. तिथून लांबच लांब वायर मास्तरांच्या घरात आली. मशीनमध्ये जिथं माइक लावतात तिथं वायरचं एक टोक, आणि दुसरं टोक रेडिओच्या हेडफोनला पिळून बांधलेलं.

दुपारी चाचणी घेतली आणि काय सांगावं! लिंबावरून असं खणखणीत गाणं आलं की म्हशी दावं तोडून पळाल्या. लोक जमले. "मास्तर, अजून एक होऊन जाऊ द्या!" नाही म्हणायची जीभ मास्तरांना देवानं दिलीच नव्हती, त्यात आता बौद्ध झाल्यावर देवही सोडलेला. एकाचे दहा झाले, दिवेलागण झाली.

मैदान भरलं. सुंदराबाई पहिल्या रांगेत गोणपाटावर, पानाचा डबा घेऊन. गलका नको म्हणून मास्तर दारं-खिडक्या लावून ललितासह आत बसले. बटण फिरवलं. रेडिओ गप्प! ठोकलं, झटकलं, हात जोडले. गप्पच.

"काय झालं हो?"

"रेडिओची बॅटरी बसली."

"उठवा मंग!"

"तशी उठत नसते वं ते. अमरावतीहून भरून आनाव लागते."

ललिताचा बांध फुटला. "दिवसभर साऱ्या गावाले गानं आयकवलं, अन् माह्या बापाच्या पाळीले बॅटरी बसली? नाई म्हनाले काय जीभ झडली होती?"

"लोकाले कसं नाई म्हनू?"

"लोकाले नाई म्हनत नाई, मायले नाई म्हनत नाई! नाई म्हनाले एक बायकोच भेटते!"

"हळू बोल, माय आयकीन."

"आयकू द्या! गुळाच्या मडक्याले कुलूप लावते. मी काय मुंगळा हाओ?"

"माय मनानं वाईट नाई."

"मंग मनानं द्यावा ना गूळ!"

बाहेर मैदानात एकच हशा उसळला. भोंगाही कायसा बोंबलत होता. गोवर्धननं लोकांना थोपवायला रेकॉर्ड लावली असेल आणि आपली फजिती ओळखून लोक हसत असतील, असं मास्तरांना वाटलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दोन साल झाले, बापाचं तोंड नाई पाह्यलं," ललिता रडत म्हणाली. "तुमी एकडाव तरी मायले म्हनलं का?"

"मले भेव लागते वं मायचं." मग मास्तरांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे! "पन आता नाई. माय काही म्हनो, उद्या मी सोता तुले अकोल्याच्या मोटारीत बसवून देतो. देतो म्हंजे देतो!"

ललितानं डोळे पुसले. "बाबाचं गानं आता तिकडं सुरू झालं असन," म्हणाली, आणि तेच गाणं हळूहळू गुणगुणू लागली. 'नवी वाट धरली बाई, मागं फिरनं नाई.' आवाज भरून येत होता, पण सूर हलला नाही. बाहेर चिटपाखरू बोलेना.

थोड्या वेळानं दार वाजलं. सुंदराबाई आत आली, खुशीत. "बाप्पा, काय नाटक होतं रेडिओत! नवरा-बायकोचं भांडन. लोकं हसून हसून लोळले. त्यातली सासू तं भल्ली खराब! अन् शेवटी गानं झालं. तुया बापाचंच ना वं? शब्द म्हंजे शब्द. उद्याच्या मोटारीनं निंग."

मास्तर बधिर झाले. बॅटरी तर मेलेली! त्यांची नजर टेबलावरच्या हेडफोनवर गेली. त्यांनी तो उचलला, तोंडाजवळ नेला आणि हळूच फुंकर मारली. मैदानातल्या लिंबावरून 'फूऽऽऽस' असा आवाज सगळ्या गावावर फिरला. ऐकायचं यंत्र बोलतंही, हे मास्तरांना कोणत्याच पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

ललितानं पदर तोंडात कोंबला. मास्तरांनी घाईघाईनं वायर उपटली आणि घसा खाकरला. "माय, त्या नाटकातले लोक... कोन होते, काही ओळखू आलं?"

"छ्या! भोंग्यात सारेच आवाज सारखे."

सकाळी मोटारस्टँडवर सुंदराबाई स्वतः आली. ललिताच्या हातात गुळाची भेली दिली, आणि वर मडक्याची किल्लीही. "आल्यावर तूच सांभाळ. अन् बापाले सांगजो, आवाज गोड हाये. जरासा बायकी हाये, इतकंच."

मोटार धुरळा उडवत निघाली. मास्तरांच्या अंगात रात्रीचं बळ अजून थोडं शिल्लक होतं. ते म्हणाले, "माय, मी काय म्हंतो..."

"रात्री म्हनला तेवढं पुरे," सुंदराबाई पानाला चुना लावत म्हणाली. "अन् येथून पुढं बोलाचं असन, तं घरात माह्या तोंडावर बोलत जाय. माह्यासाठी लिंबावर भोंगा कायले चढवतं?"