रोबोला लागला बाबांचा आवाज

परळच्या एका धर्मादाय रुग्णालयात रोबो पहिल्यांदा बोलला, तेव्हा रांगेतली एक बाई दचकून दोन पावलं मागे सरकली.

"नवीन पेशंटनी पाच नंबरच्या खिडकीवर जावं!"

सुनेत्रा रोबोकडे धावली. चिंचपोकळीच्या गाळ्यात वर्षभर खपून तिने हा रोबो बनवला होता. आज पसंत पडला, तरच रुग्णालय तो ठेवून घेणार होतं. त्याला हवा तो आवाज देता यायचा. आजच्यासाठी तिने एक मधाळ आवाज तयारही केला होता. पण निघायच्या घाईत चाचणीपुरता घेतलेला भलताच आवाज निवडला गेला. तिच्या वडिलांचा, सीतारामांचा. सीतारामांनी ब्याऐंशीच्या संपापर्यंत कापड गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले होते. त्या खडखडाटावर बोलायची लागलेली सवय गिरणी गेली तरी सुटली नव्हती.

"हा माहिती देतोय की दम?" अधीक्षक दमयंतीबाईंनी विचारलं. "आवाज बदला आधी."

"बदलते मॅडम. लॅपटॉप गाळ्यात राहिलाय. बाबा घेऊन येतायत. तोवर बंद करू?"

"नको, मॅडम," शिपाई शिवा मध्येच म्हणाला. त्याचा घसा रोजच्यासारखा बसलेला होता. "बघा ना, सगळे म्हातारे बरोब्बर पाचवर चाललेत. आजवर माझं कुणाला ऐकू जायचं?"

एक म्हातारा मात्र गेला नाही. तो रोबोसमोर येऊन उभा राहिला.

"सीताराम? मेल्या, इतकी वर्षं खय होतंस?"

"पाच नंबरच्या खिडकीवर जावं!"

"अरे, मी रामचंद्र! तुझ्या बाजूच्या साच्यावरचा!"

"पाच नंबरच्या खिडकीवर जावं!"

"बघा," रामचंद्र रांगेकडे वळून म्हणाला, "तेव्हापण असाच होता. समोरच्याचं ऐकेल तर शपथ!"

सुनेत्राला हसू आवरेना. ती त्याला समजावून सांगतेय, तेवढ्यात लॅपटॉप छातीशी धरून सीताराम आत आले. रोबोला सोडून रामचंद्र त्यांच्याकडे वळला.

"संप मिटला की भेटू म्हणालेलास," रामचंद्र म्हणाला.

"मग? अजून कुठं मिटलाय?" म्हणत सीतारामांनी त्याला मिठीच मारली.

मग दोघांच्या गप्पांनी दवाखाना दणाणला. सुनेत्राने घाईघाईने लॅपटॉप उघडला. दमयंतीबाईंनी तो अलगद मिटला.

"असू दे हाच आवाज. रोबो ठेवतोय आम्ही."

इतक्यात रोबो कडाडला, "शांतता राखा!"

सीतारामांनी गप्पा थांबवून कपाळाला आठ्या घातल्या.

"सुनेत्रा, कोण गं हा? दवाखान्यात इतकं ओरडतात होय?"