नाव सांगा, मग बसा

चैतरामजी मडावी फोटो काढायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचे, "नाव? गाव? किती देव?"

मी शाळामास्तर. नागपुरात सीताबर्डीवर माझं बिऱ्हाड त्यांच्या स्टुडिओला लागूनच होतं. पहिल्यांदा फोटोला बसलो तेव्हा हा प्रश्न ऐकून मी ऐटीत म्हणालो, "तेहतीस कोटी."

काळ्या फडक्यातून डोकं बाहेर आलं. "बाप्पा! येवढ्यांले जेवाले काय घालता, गुरुजी?"

चैतरामजी गोंड. त्यांच्यात चार देववाले, सहा देववाले, सात देववाले अशी कुळं असतात. आपले भाऊ कोण आणि सोयरीक कुणाशी करायची, ते या आकड्यावरून ठरतं. प्रत्येक फोटोमागे ते नाव, गाव आणि देव लिहीत. माझ्या फोटोमागे त्यांनी 'मोजता येत नाही' असं लिहिलं.

बाकीच्या स्टुडिओंत पडद्यावर महाल आणि कारंजी असत. यांच्या पडद्यावर मोहाचं झाड, तेही स्वतः रंगवलेलं, त्यामुळे थेट फुलकोबीसारखं. कुणी हसलं तर म्हणत, "महाल तं इथं आमच्या गोंड राजाचाच होता गा. आता झाडाखालीच बरं वाटते."

एकदा एका गोऱ्या साहेबाला जंगलातल्या जमातींवर पुस्तक काढायचं होतं. त्यानं कचेरीतल्या बाबूकडून हुकूम पाठवला: बारा गोंड, उघड्या अंगानं, समोरून आणि बाजूनं. काम पसंत पडलं तर सरकारी फोटोग्राफरची जागा. चैतरामजी हरखले. सरकारी कॅमेरा घेऊन गावोगाव हिंडायचं, आपल्या झाडून साऱ्या माणसांचे फोटो काढायचे, हे त्यांचं जन्माचं स्वप्न होतं.

त्यांनी पारशिवनीकडे आपल्या माणसांना निरोप धाडला. फोटो म्हटल्यावर बारा जण लग्नाला निघाल्यासारखे आले. फेटे, चांदीची कडी, एकाच्या अंगात तर उसना कोट. चैतरामजींनी कुणाला बाहीसुद्धा वर करायला सांगितली नाही. देवांप्रमाणे भावाशेजारी भाऊ बसवला आणि फोटो काढले.

बाबूनं ते पाहून कपाळाला हात लावला. "हे तं वरातीतले लोक वाटून राहिले! साहेबाले गोंड पायजेत."

"मंग हे कोन हायेत?"

"अन् हे नावं काहून लिहिले? पुस्तकात नुसतं 'गोंड पुरुष' छापतात."

"नाव नसन छापाचं, तं फोटो ठेवा खाली."

बाबू गेला, त्याच्याबरोबर जागाही गेली. मी भडकलो. "दैव देतं आणि कर्म नेतं, ते हे! नुसतं नाव नसलं तर काय बिघडलं असतं?"

चैतरामजींनी पेटीतून एका जुन्या पुस्तकाचं फाटकं पान काढलं. त्यावरच्या फोटोत चार बायका ओळीनं उभ्या होत्या.

"खालचं इंग्रजी वाचा."

"गोंड बायका," मी वाचलं. पुढे गावाचं नाव होतं. बायकांची नव्हती.

"हे माह्यंच गाव. साहेबानं माह्या मायचा फोटो काढला होता, असं म्हातारे सांगत. मी अंगावर पेत होतो, तवाच माय गेली. यातली एक माह्यी माय हाय."

"कोणती?"

"पान हाती लागेस्तोवर म्हातारे मरून गेले, गुरुजी. आता सांगनारं कोनीच नाई."

मला माझ्या बोलण्याची फार लाज वाटली. त्यांनी पान धोतराच्या सोग्यानं हलकेच पुसलं.

"म्हून मी रोज चौघीच्याही पाया पडतो," ते म्हणाले.