बिनआवाजाचा कॉम्प्रेसर

वस्तू कानाने घ्यावी, डोळ्यांनी घेऊ नये, असं रंगारी छातीठोकपणे सांगायचा. डोळ्यांना काय, जरा पॉलिश मारलं की ते फसतात. पंखा घ्यायचा तर त्याच्याखाली डोळे मिटून उभं राहावं, घड्याळ घ्यायचं तर ते उशीखाली ठेवून बघावं. दुकानदार उशी देत नाहीत, हा दुकानदारांचा दोष. "मशीनच्या बाबतीत मला आजवर कुणी फसवलेलं नाही," असं तो म्हणायचा आणि ते खरंही होतं, कारण आजवर त्याने एकही मशीन घेतलं नव्हतं.

रंगारी लाकडी खेळणी रंगवायचा. गावाच्या टोकाला असलेल्या कारखान्यातून कोरी खेळणी खोक्यांत भरून घरी यायची आणि मागच्या खोलीत, खिडकीपाशी बसून, तो ती ब्रशने रंगवायचा. भिंतीपलीकडच्या खोलीत त्याची बायको पुस्तकं वाचायची. मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणारं एक केंद्र होतं, त्यांनी तिला माईक देऊन ठेवला होता. दुपारी दोन वाजले की ती दाराला रजई टांगायची आणि पाचपर्यंत वाचत बसायची.

भिंत पातळ होती. शब्द अर्धेमुर्धे गळून जायचे, सूर मात्र पुरता अलीकडे यायचा आणि रंगाऱ्याचा हात त्या सुरावर आपोआप चालायचा. खिडकीतून ऊन टेबलावर उतरलेलं, रंगाचा मंद वास, आणि पलीकडे ती. तीन तास आपण जमिनीपासून वीतभर वर तरंगतो आहोत असं त्याला वाटायचं. कादंबरीत कुणी मेलं की त्या दिवशीची खेळणी जरा काळपट व्हायची. एकदा तिने आठवडाभर रसायनशास्त्राचं पुस्तक वाचलं आणि त्या आठवड्यात रंगाऱ्याच्या हातून आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम झालं. आम्लं इतकी गोड असतात हे त्याला कुणी शाळेत सांगितलंच नव्हतं.

एका सोमवारी कारखान्याचा निरोप आला. शनिवारपर्यंत साठ निळे घोडे हवेत, आणि ब्रशचे ओघळ नकोत, फवाऱ्याने मारलेला एकसारखा रंग हवा. फवाऱ्याची बंदूक कारखाना देईल, पण तिला हवा पुरवणारा छोटा कॉम्प्रेसर रंगाऱ्याने घरी आणावा. जमत नसेल तर रोज कारखान्यात येऊन बसावं.

बायकोने ऐकून घेतलं. म्हणाली, आणा की कॉम्प्रेसर, माझी ना नाही. पण त्याचा आवाज माईकमध्ये आला तर तुम्ही आणि तुमचे घोडे कारखान्यात.

रंगाऱ्याला कारखाना माहीत होता. कारखान्यात चार करवती एकदम किंचाळत असायच्या. तिथे दोन वाजले काय नि पाच वाजले काय, सारखंच. पण हे बायकोला सांगायचं कसं? सव्वीस वर्षांच्या संसारानंतर 'तुझा आवाज नसला की माझा हात चालत नाही' असं म्हणालो तर ती आधी कपाळाला हात लावून ताप बघेल, याची त्याला खात्री होती. म्हणून तो एवढंच म्हणाला, की काळजी करू नकोस, मला कान आहेत.

कान घेऊन तो दुकानात गेला. दुकानदार भला माणूस होता. टाकी किती लिटरची, दाब किती लागेल, तेलाचा हवा की बिनतेलाचा, असं त्याने रीतसर विचारलं. रंगाऱ्याने हात वर करून त्याला थांबवलं आणि सांगितलं की ते सगळं सोडा, आधी वाजवून दाखवा. दुकानदाराने पहिलं मशीन लावलं. त्याने अशी डरकाळी फोडली की फळीवरचे स्क्रूचे डबे सरकले. दुसरं दळण दळू लागलं. तिसरं लावून दुकानदार अभिमानाने म्हणाला, की हे सगळ्यात शांत, माणसाच्या बोलण्याइतकंच वाजतं. रंगाऱ्याने डोळे मिटून ऐकलं आणि गंभीरपणे विचारलं, "कुठल्या माणसाच्या?"

दुकानदाराने मशीन बंद केलं.

तेवढ्यात रंगाऱ्याला कोपऱ्यात ती दिसली. छोटीशी, गोल, निळीशार. वर हँडल, बाजूला नळी आणि दाब दाखवणारा काटा. काटा वर चढलेला होता. रंगारी गुडघ्यावर बसला आणि त्याने तिला कान लावला. काही नाही. नळीची कळ दाबली तर तळहातावर गार हवेची झुळूक आली. पुन्हा कान लावला. गाढ शांतता! काटा वर, हवा जोरात आणि आवाज शून्य. वायरसुद्धा नाही. हल्ली सगळं बॅटरीवर चालतं, हे रंगारी जाणून होता.

"अहो, पण ही..." दुकानदार बोलायला लागला.

"मला समजावू नका. हीच."

"बरं. पण घरी मशीन आहे ना?"

"घरात मशीन नकोच आहे, म्हणून तर ही घेतोय," रंगारी म्हणाला.

गिऱ्हाईक इतकं ठाम बोलतंय म्हणजे जाणकार असणार, असं दुकानदाराला वाटलं. किंमत बाकीच्यांच्या चौथाईच होती. मुकाट राहणाऱ्यांची जगात कधी कदर होत नाही, असा विचार करत रंगारी ती पोटाशी धरून घरी आला.

त्या दुपारचं काय सांगावं! दोन वाजले, पलीकडे आवाज सुरू झाला, अलीकडे निळा रंग धुक्यासारखा उडू लागला. नव्या कादंबरीचं पहिलं प्रकरण होतं. त्या धुक्यात उन्हाचा पट्टा आडवा पडला होता आणि तिचा आवाज त्यातूनच येतोय असं वाटत होतं. एक घोडा झाला, दुसरा, तिसरा, चौथा. चौथ्याच्या शेपटीपाशी हवा संपली आणि काटा शून्यावर येऊन बसला.

बॅटरी उतरली असेल, म्हणून रंगाऱ्याने ती उलटी केली. चार्जिंगचं भोक शोधलं. पुसली, हलवली, तळाला बोटाने टकटक केलं. आत काहीच नव्हतं. मोटार नाही, बॅटरी नाही, स्क्रूसुद्धा नाही. बाजूला फक्त एक वाल्व होता, सायकलच्या ट्यूबला असतो तसा. त्याने कॉम्प्रेसर आणलाच नव्हता. त्याने हवेची नुसती टाकी आणली होती, आणि दुकानदाराने तिच्यात आठ मिनिटांची हवा भरून ठेवली होती.

पाच वाजता बायको बाहेर आली. तिने टाकीकडे बघितलं, रंगवलेल्या घोड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "इतकी वर्षं बघतेय, पहिल्यांदा काहीतरी शहाणपणाची वस्तू आणलीत."

आता सांगा, यानंतर कुठल्या नवऱ्याच्या तोंडून खरं बाहेर पडेल?

दुसऱ्या दिवसापासून रंगाऱ्याची पायपीट सुरू झाली. नाक्यावर एक पंक्चरवाला होता. टाकी उशीच्या अभ्र्यात घालून रंगारी मागच्या दाराने निघायचा, हवा भरून आणायचा, चार घोडे रंगवायचा, पुन्हा निघायचा. पंक्चरवाल्याने पहिल्यांदा काही विचारलं नाही. पाचव्या खेपेला म्हणाला, की काका, गाडीला चाकं किती आहेत? रंगारी म्हणाला, घोड्यांना चाकं नसतात. पंक्चरवाल्याने नंतर प्रश्न विचारणं सोडून दिलं आणि नुसताच सहानुभूतीने बघू लागला.

बुधवार रात्रीपर्यंत बेचाळीस घोडे झाले. गुरुवारी पंक्चरवाल्याची सुट्टी निघाली. रंगाऱ्याने माळ्यावरून सायकलचा हातपंप काढला. दोनशे वेळा दांडा खालीवर केला की दीड घोडा रंगायचा. पन्नाशी उलटलेल्या माणसाने दोनशे वेळा पंप मारला की काय होतं हे अनुभवी वाचकांना सांगायला नको. पंप आवाज करत नव्हता, त्याचा त्याने फडकं गुंडाळून चोख बंदोबस्त केला होता. रंगारी आवाज करत होता. त्याच्या छातीचा भाता भिंतीला टेकून सुरू होता, आणि स्वतःच्या धापा काही माणसाला ऐकू येत नाहीत.

शुक्रवारी सकाळी केंद्रातल्या मॅडमचा बायकोला फोन आला. वाचन उत्तम झालंय, पण एक शंका आहे. कालच्या प्रकरणात नायिका बंद घरात एकटी आहे ना? मग तिच्या मागे कोण धापा टाकतंय? तपासणीसाठी ऐकणारे एक निवृत्त मास्तर रात्रभर झोपले नव्हते, आणि तो इसम कपाटातून कधी बाहेर येतो ते त्यांना आजच्या आज कळायला हवं होतं. मग मॅडम हळूच म्हणाल्या, की घरी अडचण असेल तर आमच्या इथे या. काचेची बंद खोली आहे, बाहेरचा टाचणीएवढाही आवाज आत येत नाही.

बायको फोन ठेवून तडक मागच्या खोलीत आली. रंगारी टाकीला मिठी मारून, सदरा घामाने चिंब, सत्तेचाळिसाव्या घोड्यासाठी पंप मारत होता. तिने त्याच्या हातातून पंप काढून घेतला. मग तिने सगळं विचारून घेतलं आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

"एवढं करण्यापेक्षा चार दिवस कारखान्यात का नाही गेलात?"

"तिथे तुझा आवाज येत नाही," रंगारी म्हणाला. धाप लागलेली असल्यामुळे वाक्य सजवायला त्याच्याकडे हवा उरली नव्हती.

बायकोने कपाळाला हात लावून ताप बघितला नाही. तिने पायांत चपला सरकवल्या, टाकी उचलली आणि आधी पंक्चरवाल्याकडे गेली. त्याचा कॉम्प्रेसर मागच्या अंधाऱ्या खोलीत दार लावून घुमत होता आणि त्याची लांबलचक नळी पुढे दुकानात आली होती. रंगारी दोन दिवसांत दहा वेळा ती नळी ओलांडून गेला होता. तिने ती नळी नीट बघून घेतली आणि तासाभरात ती दुकानात टाकी परत देऊन आणि ते दळण दळणारं मशीन घेऊन आली. ते गच्चीवर बसलं, नळी खिडकीतून खाली उतरली. खालच्या खोलीत ऐकू येत होती ती फक्त बंदुकीच्या तोंडची हलकी फुंकर.

दोन वाजले. पलीकडे आवाज नाही. सव्वादोन झाले, तरी नाही. काचेच्या खोलीबद्दल रंगाऱ्याला तिनेच मशीन बसवताना सांगितलं होतं. गेली असणार, त्याला वाटलं. टाचणीचाही आवाज येत नाही अशी जागा सोडून या भात्याशेजारी कोण बसेल? त्याने बंदूक उचलली. हवा भरपूर होती, घोडे चौदा उरले होते, आणि एकही घोडा रंगवावासा वाटत नव्हता.

दार ढकलून बायको आत आली. हातात पुस्तक होतं.

"मॅडमना फोन करत होते. नाही म्हणून सांगितलं."

"का गं? तिथे तर अगदी शांत..."

"शांत आहे. पण तिथे भिंतीपलीकडे कुणी नसतं," ती म्हणाली. "मग वाचायचं कुणासाठी?"

तिने टेबलाकडे बोट दाखवलं, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की बंदुकीची कळ आपण मघापासून दाबून धरली आहे आणि घोडा सोडून टेबल, वर्तमानपत्र नि डाव्या हाताचा पंजा असं सगळं एकसारखं, बिनओघळांचं निळं झालं आहे.

"कालचं प्रकरण पुन्हा वाचावं लागणार," दारातून वळताना ती म्हणाली. "या वेळी नायिकेला घरात एकटी राहू द्या."

पलीकडे रजई सरकल्याचा आवाज झाला, आणि मग तिचा सूर भिंतीतून अलीकडे आला. रंगाऱ्याने पहिलं पानभर श्वास रोखून धरला. दुसऱ्या पानाला मात्र घ्यावाच लागला.