दै महिन्याचा चहा

अंबादासरावांना कुठलीही तारीख सांगा, ते आधी विचारणार, "फसली का इसवी?" माझं लग्न ठरल्याचं सांगायला गेलो, तर मुलगी कोणाची, गाव कुठलं, काही न्हाय. चष्मा कपाळावर चढवला आणि हेच विचारलं. निजामाचं राज्य गेलं, कचेऱ्यांतून फसली सनही गेला, पण अंबादासरावांच्या डोक्यात तो ठाण मांडून बसला होता.

धाराशिवच्या आमच्या कॉलेजात इतिहासाला आम्ही दोघंच. ते मूळचे बेंबळीचे. बायको लवकर गेली, मूलबाळ न्हाय. एका खोलीत राहायचे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीची शहानिशा करायचे. एकदा सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला आम्ही जोडीनं गेलो. पुजाऱ्यानं संकल्प सोडताना संवत्सराचं नाव चुकवलं. अंबादासरावांनी त्याला तिथंच थांबवून पहिल्यापासून म्हणायला लावलं. मागं पन्नास माणसं खोळंबली होती, मला तर कुठं तोंड लपवू असं झालं. पुढच्या वर्षी आम्ही गेलो, तर पुजारी आम्हाला लांबूनच बघून देवळाआड गडप.

सण असा त्यांना एकच. फसली वर्षातला दुसरा महिना दै, त्याच्या पहिल्या तारखेला ते नोकरीवर रुजू झाले होते. दिवाळीच्या पुढंमागं ती तारीख यायची आणि त्या दिवशी सगळ्या स्टाफला त्यांच्याकडून चहा. वर्ष कुठलंही असो, चहा चुकला न्हाय.

पूर्वी नोकरीत कायम होणं सोपं होतं. वरच्या साहेबाची मर्जी बसली की झालं. मग नवं विद्यापीठ आलं आणि त्याचं परिपत्रक आलं. मर्जीबिर्जी बंद, जो आधी रुजू झाला तो आधी कायम. यादी करा, तारखा इसवीत लिहा. आता आली का पंचाईत! आमच्या निम्म्या लोकांचे नेमणुकीचे हुकूम उर्दूत आणि तारखा फसलीत. विद्यापीठात ते वाचणार कोण? प्राचार्यांनी ते काम अंबादासरावांच्या गळ्यात घातलं. खरं तर त्यांनीच गळा पुढं केला होता.

महिनाभर त्यांच्या खोलीला कचेरीची कळा आली होती. भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी पुठ्ठ्यावर कोष्टक टांगलेलं. हिशेब सोपा होता. फसली वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जो रुजू झाला त्याच्या सनात पाचशे नव्वद मिळवायचे, नंतरच्यांना पाचशे एक्याण्णव. मराठीच्या सरांनी घाईत स्वतःच्या सनात नव्वदच्या जागी एक्याण्णव मिळवले आणि वर्षभरानं मागं पडले. अंबादासराव त्यांच्यावर असे उखडले की विचारू नका. म्हणाले, ही चूक जो करंल त्यानं इतिहास शिकवू नये.

आमच्या दोघांपुढं मात्र निराळंच संकट होतं. इतिहासाला कायम जागा एकच मंजूर झाली होती. दुसऱ्यानं लोहाऱ्याच्या हायस्कुलात जायचं. अंबादासराव दै महिन्यात लागलेले, मी त्याच फसली वर्षात सात महिन्यांनी. म्हणजे जाणार मी. माझी बायको पोटुशी होती. आधीची दोन मुलं हाती लागली नव्हती, आणि या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दवाखान्यापासून लांब जाऊ नका. मी कोणापाशी बोललो न्हाय. बोलून काय करणार? नियम तो नियम.

यादी लागली. इतिहासाच्या खाली पहिलं नाव माझं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. अंबादासरावांच्या दै महिन्याच्या तारखेत एक्याण्णव मिळवलेले होते. ते वर्षभरानं मागं गेले होते आणि माझ्याहून पाच महिन्यांनी धाकटे झाले होते. खाली शहानिशा करणाऱ्याची सही, त्यांचीच.

आधी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मग स्वतःची अशी शरम वाटली की तडक त्यांच्या खोलीवर गेलो. ते शांतपणे पुठ्ठा भिंतीवरनं काढून गोणपाटात बांधत होते. मी म्हणालो, तुम्ही चुकलात. आत्ता जाऊन प्राचार्यांना सांगतो.

"सांगा की," ते म्हणाले. "पण नारायणराव, तुमची अडचण अशी हाय, फसलीच्या बाबतीत ह्या जिल्ह्यात माझ्या शब्दापुढं कोणाचा शब्द चालत न्हाय."

मग पुठ्ठ्याची गाठ मारता मारता, माझ्याकडं न बघता ते बोलले, "मला लोहाऱ्यात बी एक खोली पुरती. तुमच्या घरात पाळणा हलायचाय."

दुसऱ्या आठवड्यात ते एसटीनं गेले. ट्रंक एक, पुठ्ठा एक.

पुढच्या दै महिन्याच्या पहिल्या तारखेला मी न कळवता लोहाऱ्याला गेलो. तारीख तीनदा तपासली होती. दार उघडंच होतं. अंबादासराव चटईवर बसलेले, समोर चहाचे दोन कप, दोन्ही भरलेले. मी विचारलं, कोणी यायचं होतं का?

"न्हाय," ते म्हणाले. "एकट्यापुरता टाकला, तर चहा पाजल्यावानी वाटंना." मग दुसरा कप माझ्याकडं सरकवला. "तारीख बरोबर काढलीत."

चहा पिता पिता मी त्यांना सांगितलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप हायेत. ते उठले, पेन घेतलं, भिंतीवरच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात जागा शोधली आणि जन्मतारीख विचारली. मी सांगितली. मी वाट बघत होतो, पण त्या दिवशी त्यांनी फसली का इसवी विचारलं न्हाय. मी सांगितली तशी त्यांनी ती लिहून घेतली, आणि बराच वेळ माझ्याकडं पाठ करूनच उभे राहिले.