मंदाकाकूंचे खून

आमच्या देवळी गावात खून क्वचितच होतात. आमच्या गल्लीत मात्र आठवड्याला एक तरी होतोच, आणि त्याची बातमी मंदाकाकू घेऊन येतात. सकाळी मी माझ्या मॅचिंग सेंटरचं शटर अर्धं वर केलेलं असतं, तोच काकू वाकून आत शिरतात, स्टुलावर टेकतात आणि पदरानं चष्मा पुसत म्हणतात, "माधुरी, काल जेकब गेला वं."

एकदा एक बाई साडीला फॉल लावायला आली होती. तिनं बिचारीनं छातीला हात लावला. "कोनता जेकब?"

"कडब्याखाली सापडला. कोनं तरी दाताळ्यानं मारलं. बायको पोटुशी हाये बिचारी," काकू म्हणाल्या.

बाई साडी तशीच टाकून घरी गेली. संध्याकाळी ओळखीचा हवालदार दुकानात आला, धाग्याची रिळं उगाच वरखाली करून पाहिली आणि म्हणाला, "ताई, हे जेकबचं मॅटर काय हाये?" जेकब अमेरिकेतला, तोही पुस्तकातला, हे त्याला पटवता पटवता माझा दोनदा चहा झाला. तो गेल्यावर मी काकूंवर चिडले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "चांगलंच हाये ना. तिकडचा शेरीफ तं दुसऱ्या दिवशी येते. आपला त्याच दिवशी आला."

काकू म्हणजे मंदाकिनीबाई, हायस्कूलमधून रिटायर झालेल्या इंग्रजीच्या बाई. त्यांचं घर आणि माझं दुकान यांत एकच भिंत. मलाही त्यांनीच शिकवलं. ते त्यांना आठवत नाही आणि मीही आठवण करून देत नाही, कारण माझे मार्क तसे होते. त्यांचे यजमान गोविंदकाका गावाबाहेरची शेती पाहतात, कमी बोलतात, आणि मुलगा पुण्याला नोकरीत आहे.

हे वेड कसं लागलं तेही ऐका. बऱ्याच वर्षांमागे काकू नागपूरला डोळे दाखवायला गेल्या होत्या. फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना एक पुस्तक दिसलं. वर पांढरी टोपी घातलेली बाई, मागे घोडागाडी, पुढे मक्याचं शेत. शेतीचं पुस्तक असेल, काकांच्या कामी येईल म्हणून घेतलं. पहिल्याच प्रकरणात खून निघाला. ते पुस्तक आमिश लोकांचं होतं. आमिश म्हणजे अमेरिकेतले साधे शेतकरी ख्रिस्ती. घरात वीज घेत नाहीत, मोटार ठेवत नाहीत, घोडागाडीतून फिरतात, साधे कपडे घालतात. आणि त्यांच्याबद्दलच्या रहस्यकथा म्हणजे, काकूंच्या मते, जगातलं सर्वांत श्रेष्ठ वाङ्मय.

"पाहाय ना," त्या सांगतात, "माणसं किती सज्जन. खोटं बोलत नाई, दारू पेत नाई, भांडत नाई. आन् अशातून खुनी हुडकाचा म्हनजे काय सोपं काम हाये? आपल्याकडं तं कोनावरबी संशय येते."

तोंडाला चव म्हणून मधून मधून प्रेरणादायी ऐतिहासिक कादंबऱ्याही चालतात. त्यात दीडदोनशे वर्षांपूर्वीची एक विधवा असते, बैलबंडीत संसार घालून दूर देशी निघालेली. वाटेत बैल मरतो, पीक बुडतं, मूल आजारी पडतं, पण बाईची श्रद्धा ढळत नाही. मी एकदा विचारलं, "काकू, शेवटी सगळं ठीक होतं का?" त्या म्हणाल्या, "होते ना. शेवटी देव असते आन् एक बिनलग्नाचा सुतार असते."

वाचलेलं वाचून सोडून द्यावं, तर तसं नाही. उन्हाळ्यात दुपारी लाईन गेली की सगळी गल्ली विद्युत मंडळाचा उद्धार करत असते, आणि काकू गच्चीवरून समाधानानं म्हणतात, "आता आपन बी आमिश." त्यांचं हे बहुतेक वाचन मुलानं पाठवलेल्या टॅबवर चालतं, आणि चार्जिंग संपलं की आमिशपणाही संपतो, हे मी बोलून दाखवत नाही. त्यांनी माझ्याकडून तसली पांढरी टोपीही शिवून घेतली होती. ती घालून मिरच्या वाळवायला बसल्या, तर येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारायची, "मेंदी लावली का वं?" चार दिवसांनी टोपी दह्याच्या चक्क्याला कामी आली.

शेजारच्या बाईंच्या कुरड्या गच्चीवरून नाहीशा झाल्या, तेव्हा तपास अर्थातच काकूंनी हाती घेतला. "यात पानी मुरून राह्यलं," असं म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना ओळीनं उभं केलं, गच्चीवर राखुंडी पसरली आणि दुसऱ्या दिवशी पावलांचे ठसे पाहिले. ठसे वानराचे होते. वानर स्वतः कठड्यावर बसून उरलेली कुरडई खात होतं. काकू त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे तं झालं वानर. पन याच्या मांगं कोन हाये?"

आणखी एक. त्यांच्या पुस्तकांत कुणाचा गुराढोरांचा कोठा जळाला की सगळं गाव जमतं आणि एका दिवसात नवा कोठा उभा करतं. वादळात आमच्या मागच्या गल्लीतल्या एका कोठ्याची टिनं उडाली, तेव्हा काकूंनी घरोघर जाऊन माणसं गोळा केली. भल्या मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पोहे केले. माणसं आली, पोहे छान झाले म्हणाली, टिनं कशी ठोकावी यावर प्रत्येकानं भाषण दिलं आणि बारा वाजता ऊन फार झालं म्हणून निघून गेली. टिनं शेवटी मिस्त्रीनंच लावली. काकू माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "आपल्याकडची मानसं बी चांगली हायेत. पन पोह्यापर्यंत."

अशा या काकू. कोणीही भेटो, भाजीवाली, गॅस सिलिंडरवाला, बँकेतल्या रांगेतली अनोळखी बाई, त्याला त्या चालू पुस्तकाची गोष्ट सांगणारच. मला वाटायचं, शिक्षिकेची सवय. ऐकणारं कोणी दिसलं की तास सुरू. मी कानात बोटं घालायची तेवढी बाकी ठेवली होती.

गेल्या उन्हाळ्यात मात्र काकू आल्या, स्टुलावर बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. मी विचारलं, "आज कोण गेलं?"

"कोनी नाई गेलं. नेहाचं लग्न जमलं," त्या म्हणाल्या.

नेहा म्हणजे काकूंच्या धाकट्या दिराची मुलगी. दीर, म्हणजे बापूराव, आणि त्यांची बायको शोभा इथंच, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. पण काका आणि बापूराव, दोघं सख्खे भाऊ, पाच-सहा वर्षांपासून एकमेकांशी बोलत नाहीत. कारण धुरा. दोघांच्या वावरांमधली ती मातीची उंच पट्टी. एका वर्षी नांगरटीत ट्रॅक्टर बापूरावांच्या बाजूनं थोडा आत गेला. काका म्हणाले, धुरा खाल्ला. बापूराव म्हणाले, धुरा होता तिथंच आहे. शब्दानं शब्द वाढला आणि दोघांनी भर वावरात वडिलांच्या नावानं शपथ घेतली, की पुन्हा तुझ्या पंगतीला बसणार नाही. पट्टी ती केवढी, तिच्यावर धड दोन तुरीची झाडं उभी राहायची नाहीत. पण भावांचं भांडण म्हणजे काही विचारू नका.

आता आमच्याकडे लग्नाआधी जवळचे नातलग नवरीला आणि तिच्या घरच्यांना जेवायला बोलावतात. त्याला गडगनेर म्हणतात. काकूंना नेहाचं गडगनेर करायचं होतं.

"पोरगी माह्या मांडीवर वाढली," काकू म्हणाल्या. "तिचं गडगनेर माह्या घरी नाई झालं, तं मी कायची मोठीआई?" आणि एवढे खून पचवलेल्या त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

काका म्हणत होते, "पोरीले बोलाव, शोभाले बोलाव. बापूच्या पंगतीले मी बसनार नाई." बापूराव म्हणत होते, "दादा बसत नसन, तं आमच्यातलं कोनी येत नाई." लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. काकूंनी दोघांनाही समजावून पाहिलं. पण शपथ वडिलांच्या नावाची, ती मोडा म्हणायची काकूंचीही हिंमत होईना. त्या दिवसांत गल्लीत एकही खून झाला नाही. मला चक्क करमेना.

मग एके दिवशी काकू पहिल्यासारख्या वाकून शटरखालून आल्या आणि म्हणाल्या, "एक चादर शिवून दे. लांब. दोन टेबलांवर एकच आली पाह्यजे. आन् मधात चार बोटांची फट धरजो."

मी म्हटलं, "काकू, फट कशाला? टेबलं जोडून लावा ना."

"जोडाचीच तं नाई." त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "हे आमिश लोक बी कमी हट्टी नाई वं. नेम मोडला की मानसाले वाळीत टाकतात. त्याच्यासंग एका टेबलावर जेवाचं नाई. मंग एखाद्याची माय काय करते? दोन टेबलं लावते. मधात फट ठेवते. आन् वरतून एकच चादर हातरते. नेम बी राह्यते आन् लेकरू बी राह्यते."

मी हातातली सुई खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या पुस्तकांबद्दल आदर वाटला.

काकूंकडे जेवणाचं टेबल एकच होतं. दुसरं म्हणून माझं कपडा बेतायचं टेबल गेलं. ते दोन विटा ठेंगणं निघालं, म्हणून पायांखाली विटा लावल्या. गडगनेराच्या दिवशी पुरणपोळ्या, भरड्याचे वडे, कढी, आमरस असा बेत. मी सकाळपासून काकूंच्या स्वयंपाकघरात होते. बाराच्या सुमाराला नेहा आली, मागून शोभाकाकू, आणि सर्वांत मागे बापूराव, उंबऱ्याशी घुटमळत. काका आतल्या खोलीच्या दारात उभे होते. कोणी कोणाकडे बघेना.

काकूंनी वर्गात बोलावं तसं बजावलं. "तुमी म्हनले, एका पंगतीले बसनार नाई. टेबलं दोन हायेत. तुमचं हे, बापूचं थे. खरं वाटत नसन तं पाहून घ्या."

काका पुढे आले. गुडघे टेकून त्यांनी चादरीची कड उचलली, खाली डोकावले आणि फटीत हात घालून बोटं मोजली. समोरच्या बाजूनं बापूरावांनीही चादर उचलली आणि तेही मोजू लागले. दोन पांढऱ्या डोक्यांची माणसं चादरीखाली वाकलेली पाहून नेहा तोंड दाबून आत पळाली. काका उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "फट हाये." बापूराव कोणाकडेही न बघता म्हणाले, "बराबर हाये." आणि दोघं आपापल्या टेबलाला बसले.

जेवण सुरू झालं. मीच वाढत होते. आमरसाचा मोठा वाडगा दोघांच्या मधे ठेवला, तर तो नेमका फटीवर आला. चादर खाली दबली आणि वाडगा कलंडला. दोन्हीकडून दोन हात एकदम आले.

"दादा, सोड, मी धरतो," बापूराव म्हणाले.

"तू तुह्या बाजूनं धर," काका म्हणाले.

वाडगा केव्हाच सावरला होता, पण सोडायला कोणी तयार होईना. शेवटी काकांनी दुसऱ्या हातानं पळी घेतली आणि भावाच्या वाटीत रस वाढला.

काकूंना ही बातमी सांगावी म्हणून मी स्वयंपाकघरात धावले. तिथं दोघी जावा ओट्याला टेकून उभ्या होत्या. शोभाकाकू चौथीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजीचं अक्षर त्यांना येत नाही. त्या काकूंना हळूच विचारत होत्या, "बाई, मंग थ्या दूधवाल्याले कोनं मारलं होतं?"

मला काही कळेना. मग शोभाकाकूच मला म्हणाल्या, "भांडन झालं ना, त्याच्या आदल्या दिवशी बाईनं मले अर्धी गोष्ट सांगतली होती. रोज दुपारी कामं झाली की सांगत होती, पयल्या पुस्तकापासून. थ्या दूधवाल्याचं तेवढं राहून गेलं. बाजारात दिसली की वाटे इचारावं. पन ह्या दोघायच्या भेवानं नाई इचारलं."

म्हणजे भाजीवालीला, सिलिंडरवाल्याला आणि मला मिळून काकू जे सांगत होत्या, ते सगळं या एका बाईला सांगायचं होतं. आम्ही इतके जण मिळूनही ती जागा भरली नव्हती. वडे तळायचं निमित्त करून मी कढईकडे तोंड वळवलं.

"सांग ना बाई, कोनं मारलं?" शोभाकाकूंनी पुन्हा विचारलं.

"मले काय मालूम," काकू म्हणाल्या. "मी पुढं वाचलंच नाई. तुह्याबिगर कशी वाचू?"

त्यांनी कपाटातून एक जुनं पुस्तक आणलं, पान दुमडलेलं. दोघी खाली फरशीवर बसल्या. काकू एक ओळ मनात वाचत आणि वऱ्हाडीत सांगत. शोभाकाकू गुडघ्याला मिठी मारून ऐकत होत्या. बाहेर भावांची जेवणं झाली, पान-विडे झाले, तरी कोणी उठेना. दोन पानं झाल्यावर शोभाकाकूंनी पुस्तकावर हात ठेवला.

"आज एवढंच राहू दे, बाई," त्या म्हणाल्या. "बाकीचं मी उद्या ऐकाले येतो."