मोरीमागची मिरची

रुपाली काष्टीत सून म्हणून आली त्याला दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत तिच्या एकाही कालवणाला सासूनं तिखट म्हटलं नव्हतं. पहिला घास तोंडात गेला की छबूबाई जाहीर करायच्या, "तिखट न्हाई." रुपाली चटणीच्या चमच्यावरून पळीवर आली. तिच्या नवऱ्याला, करणला, जेवताना मांडीवर टॉवेल घेऊन बसावं लागू लागलं. छबूबाईंचं मत मात्र हललं नाही. एकदा, फक्त एकदा, सासूच्या तोंडून दुसरं काहीतरी ऐकायचं, एवढीच रुपालीची इच्छा उरली होती.

अशात मोरीमागं, सांडपाण्यावर, एक मिरचीचं झाड उगवलं. कुणी लावलं नव्हतं, पाखरानं बी टाकलं असावं. बोराएवढी गोल, लालभडक फळं त्याला लगडली.

"आत्याबाई, ठेचा करू का हिचा?" रुपालीनं विचारलं.

"वळख ना पाळख, आन् ठेचा? आदी जात कंची ती बघ."

करणनं मोबाईलवर फोटो काढून विचारलं. मोबाईल म्हणाला, शोभेची मिरची, तिखटपणा नावाला. रुपालीचं समाधान झालं नाही. ती एक फळ घेऊन गहिनीनाथच्या बी-बियाणांच्या दुकानात गेली. त्यानं ते तळहातावर फिरवलं आणि न चाखताच निकाल दिला, "वहिनी, केकवर लावत्यात ना, ती चेरी हाय ही. मिरचीचा आन् हिचा काय संबंद न्हाई."

छबूबाईंना आनंद लपवता आला नाही. "झाड बी तुज्यावानीच निगालं, अळनी! उद्या उपटून टाक. तितं मला आळू लावायचाय."

रुपाली मोरीमागं जाऊन झाडाला उगाच तांब्याभर पाणी घालून आली.

त्याच दिवशी टेम्पोतून म्हैस उतरली. दारात काष्टीचा जनावरांचा बाजार असताना करणनं ती घोडेगावहून आणली होती, आणि रुपालीचं माहेरही घोडेगावचंच, त्यामुळं छबूबाईंचा म्हशीवर आधीच विश्वास नव्हता. आळीतली सगळी माणसं बघायला आली. शेजारच्या चांगुणाबाईंनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली, "छबे, कास बघ की हिची! चरव्या भरून दूद देनार ही."

संध्याकाळी म्हशीनं चरवी लाथेनं उडवली.

"चांगुणीची दिष्ट लागली!" छबूबाई भिंतीपलीकडं ऐकू जाईल असं म्हणाल्या.

चांगुणाबाई पदर खोचून अंगणात हजर झाल्या. मागून आळीही आली. "माजी दिष्ट? काढ की मग समद्यांदेखत! ठसका उटला न्हाई तर मी तुज्या पाया पडंन. उटला तर तू माज्या पड."

नियम सगळ्यांना पाठ होता. दृष्ट काढून मिरच्या निखाऱ्यावर टाकायच्या. ठसका उठला तर दृष्ट नव्हतीच, नाही उठला तर लागली होती. छबूबाई घरात मिरच्या आणायला गेल्या, पण डब्याशी थांबल्या. डब्यातली मिरची ठसका उठवणार, आणि मग चांगुणीचे पाय धरावे लागणार. त्या मागच्या दारानं हळूच मोरीकडं गेल्या आणि शोभेच्या सात मिरच्या तोडून मुठीत दडवल्या.

रुपालीनं पाहिलं. "आत्याबाई, त्या..."

"गप ऱ्हा."

गोठ्याच्या दारात घमेल्यात निखारे तयार होते. छबूबाईंनी मीठ-मोहरी आणि मिरच्यांची मूठ म्हशीवरून सात वेळा उतरवली आणि घमेल्यात टाकली. सगळे नाक पुढं करून उभे राहिले. क्षणभर काहीच झालं नाही.

"बगा!" छबूबाई हसल्या. "हाय का कुटं ठस..."

पुढचं अक्षर आलंच नाही. घमेल्यातून पांढरा धूर उठला आणि आळीनं एका सुरात खोकायला सुरुवात केली. ज्या बाईचा डोळा जन्मात मिरचीनं ओला झाला नव्हता, ती पोट धरून वाकली. ती नेमकी चांगुणाबाईंच्या पायाशी वाकली.

"आसूं दे... ख्यॅ... आसूं दे, छबे," चांगुणाबाईंनी खोकता खोकताच आशीर्वाद दिला. "नव्हती ना... ख्यॅ... माजी दिष्ट!"

तेवढ्यात म्हशीनं एक सणसणीत शिंक दिली, दावं तोडलं आणि रस्ता धरला. करण मागं धावला, करणमागं छबूबाई, त्यांच्यामागं आळी. म्हैस थेट गहिनीनाथच्या दुकानासमोर जाऊन थांबली. पाठोपाठ डोळ्यांतून धारा लागलेली पंचवीस माणसं आलेली बघून गहिनीनाथ घाबरून उठला. "अरारा! कोन गेलं वो?"

"तुजी चेरी!" छबूबाई एवढंच म्हणू शकल्या.

सगळं कळल्यावर गहिनीनाथनं आपला निकाल मुकाट्यानं मागं घेतला आणि थोडं बी मागितलं. "पर पुडीवर जात कंची लिवू?"

छबूबाई म्हशीचं दावं धरून घरी आल्या.

जेवणाला रुपालीनं न विचारता मोरीमागच्या एकाच मिरचीचा ठेचा केला आणि बाजरीच्या भाकरीवर सासूपुढं ठेवला. करणनं टॉवेल सरसावला. छबूबाईंनी घास घेतला. आधी त्यांचे कान लाल झाले, मग नाक वाहू लागलं, मग दोन्ही डोळे. तरी त्यांनी हट्टानं दुसरा घास घेतला, तिसराही घेतला.

शेवटी त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"मीठ कमी हाय," छबूबाई म्हणाल्या.

रुपाली आत पळाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच या घरात मीठ कमी पडलं होतं, आणि तिला मिठाची बरणी छातीशी धरून नाचावंसं वाटत होतं. बाहेरून सासूचा बसलेला आवाज आला.

"करण, उद्या ते झाड उपटायचं न्हाई, कुपान घाल त्येला. आन् गहिनीनाथाला सांग, पुडीवर 'रुपाली' लिव म्हनावं. आदी चांगुणीनं जाऊन सोताचं नाव लावलं तर?"