विजयनगर, राहणार हंपी

यंदा इतिहासात नापास होण्याचा प्रश्नच नव्हता! संघर्षने दोन हजार वर्षांचा इतिहास एका पेनड्राइव्हात बसवला होता, आणि तोही स्वतःच्या आवाजात.

आता त्याचा आवाज म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हती. नेरमध्ये कोणी वारलं की ऑटोला भोंगा बांधून गावभर निधनवार्ता फिरवतात, आणि गेली दोन वर्षं ती वार्ता संघर्षच्याच आवाजात फिरत होती. आवाज असा गंभीर, की ऐकणाऱ्याच्या हातातला घास हातातच राहावा. त्याने चौकात नुसतं 'दोन समोसे' म्हटलं, तरी शेजारी उभी असलेली म्हातारी पदर डोळ्याला लावायची. समोसेवाला तर त्याच्याकडून कधी लगेच पैसे घ्यायचा नाही. आधी विचारायचा, "कोन गेलं गा?"

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आला तरी या संघर्षच्या डोक्यात इतिहास टिकत नव्हता. सातवाहन आत गेले की मौर्य बाहेर पडायचे. फ्रान्सची क्रांती पाठ झाली की बहामनी राज्य विसरायचं. निधनवार्ता मात्र एकदा वाचली की तोंडपाठ! मयताच्या नातवंडांच्या नावांसकट! तेव्हा एक दिवस वैतागून त्याने सगळ्या इतिहासाचीच निधनवार्ता करून टाकली.

'मौर्य घराणे, राहणार पाटलीपुत्र, यांचे आपल्याच सेनापतीच्या हातून भर संचलनात दुःखद निधन झाले.' 'पश्चिम रोमन साम्राज्य, राहणार रोम, यांचे दीर्घ आजाराने निधन झाले.' 'फ्रान्सची राजेशाही, राहणार व्हर्साय, यांचे पॅरिस मुक्कामी डोके धडावेगळे झाल्याने निधन झाले.' आणि प्रत्येकाच्या शेवटी नेहमीचं शेपूट: 'अंत्ययात्रा आज दुपारी एक वाजता निघेल व नेर येथील मोक्षधामात अंत्यसंस्कार करण्यात येतील.' ते शेपूट जोडल्याशिवाय त्याला काही पाठच होईना. अशा रीतीने देशोदेशीचे राजे-महाराजे नेरच्या मोक्षधामाच्या वाटेला लागले.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी तो दाढी करत होता, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. डोळे रडून सुजलेले.

"संघर्ष तूच ना बाबू? मी बेबी. माही माय गेली पहाटे. नलूबाई."

त्याने तोंडावरचा फेस पुसला आणि तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"मी बोरी अरबले राह्यतो. माय इथं एकटीच होती. आमचं मूळ गाव मुकुटबन, अन् तिकडं आता आमचं कोनी उरलं नाही. माय शेवटी शेवटी एकच धोशा लावे. म्हने, बेबे, मले न्यायले चार खांदे तं भेटतीन ना व? गाडी करून आनलं अन् टाकलं, असं नको करजो." तिने पदर तोंडात धरला. "तू सांगितलं का लोकं येते म्हनते. चार मानसं येतीन असं सांगजो बाबू."

संघर्षला भरून आलं. भरून आलं की त्याला बढाई मारायची सवय होती.

"चार? बेबीताई, सारं नेर आनतो! तुमी फिकीरच करू नका!"

मग त्याने घड्याळाकडे पाहिलं. परीक्षेला उशीर होत होता.

"मागं कोन कोन आहे?"

"मीच."

बाकी काही विचारायला त्याला वेळ नव्हता. मोबाईलवर त्याने एका दमात रेकॉर्ड केलं: नलूबाई, राहणार नेर, अल्पशा आजाराने, पश्चात एक मुलगी, दुपारी एक वाजता, मोक्षधाम. ते इतिहासाच्याच पेनड्राइव्हात घातलं आणि तो ऑटोवाल्या मारोतीच्या हातात दिला.

"मारोतीभाऊ, शेवटचं लावजो. सगळ्यात शेवटचं."

मारोतीने खर्रा तोंडात टाकला आणि मान डोलावली. त्यानेही सांगितलं तेच केलं. फक्त शेवटचं कोणतं, हे त्या ऑटोतल्या मशीनने आपल्या मर्जीने ठरवलं.

इकडे कॉलेजात पूनमसिंग राठोड सर समोर बसले होते. सर शिस्तीचे, पण मनाने मऊ. नापास करतानासुद्धा त्यांना वाईट वाटायचं, असं मुलं म्हणत.

"विजयनगरच्या ऱ्हासाबद्दल सांग."

संघर्ष खूश! हे तर कालच पाठ केलेलं! त्याने डोळे मिटले, श्वास भरला आणि 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' हे ओठांवर आलेलं त्याने मोठ्या कष्टाने गिळलं. घोटाळा असा झाला की त्याच्याबरोबर हंपी, तालीकोट, रामराय सगळेच पोटात गेले. डोक्यात काही म्हणता काही उरलं नाही.

"सांग ना. काहून थांबला?"

तेवढ्यात खिडकीबाहेरून, रस्त्यावरून, धीरगंभीर आवाज आला.

'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, विजयनगर, राहणार हंपी, यांचे वयाच्या दोनशे एकोणतिसाव्या वर्षी तालीकोटच्या लढाईत दुःखद निधन झाले. चार शेजाऱ्यांनी एकत्र येऊन त्यांचा घात केला. वऱ्हाडची इमादशाही या कृत्यात सामील नव्हती, याची नागरिकांनी नोंद घ्यावी. त्यांच्या पश्चात मोडकी देवळे, ओस बाजारपेठ व मोठा आप्तपरिवार आहे...'

सरांनी पेन खाली ठेवलं. अंत्ययात्रेच्या वेळेपर्यंत सगळं नीट ऐकून घेतलं.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "पन ते बाहेरून काहून येऊन राह्यलं?"

क्षणभर संघर्षला स्वतःचाच अभिमान वाटला. काय आवाज लागला होता! दुसऱ्या क्षणी त्याला मारोतीच्या हातात दिलेला पेनड्राइव्ह आठवला.

"सर! तिथं नलूबाई पाहिजे होती!"

"कोन नलूबाई? कोनत्या घराण्यातली?"

"घराणं नाही सर. आज वारली. बाराच्या वर वाजले अन् गावात कोनालेच मालूम नाही!" तो उठून उभा राहिला. "मी तिच्या पोरीले शब्द देलता. मले जाऊ द्या."

"परीक्षेतून उठून गेला तं गुण कसे देऊ मी तुले?"

"नका देऊ, सर!"

आणि तो पळत सुटला. फाटकापर्यंत पोचला नाही तोच मागून मोटारसायकल येऊन थांबली. सरच होते.

"बस मागं. पायी पळून ऑटो सापडते का कुठं?"

ऑटो चौकात सापडला. मारोती आरामात मागे रेलून बसला होता.

"मारोतीभाऊ, काय वाजवून राह्यले तुमी!"

"मौत वाजवून राह्यलो. काहून?"

"कोनाची मौत?"

"थे मले काय मालूम!" मारोतीला प्रश्नाचंच नवल वाटलं. "मी वाजवतो. ऐकत नाही. रोज ऐकलं तं मानूस जगन कसा?"

पानटपरीवर मात्र सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि नीट ऐकलं होतं.

"चार शेजाऱ्यांनी मिळून मारलं म्हनते. वावराच्या धुऱ्याचा, बांधाचा वाद असन."

"अबे, वय दोनशे सांगून राह्यला थो!"

"एकोनऐंशी म्हटलं असन. मोठं घरानं होतं पन. मंदिरं बांधलेलं."

"अन् थे इमादशाहीवाले सुटले. वरपर्यंत ओळख असन!"

"चला ना बे, पाहून तं येऊ."

संघर्षने कपाळावर हात मारला. एक वाजत आला होता. आता नवं रेकॉर्ड करून फिरवायलाही वेळ नव्हता. मारोतीला ऑटो घेऊन मागे यायला सांगून तो सरांच्या गाडीवर मोक्षधामाकडे निघाला. रस्ताभर त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: बेबीताई एकटी, गाडीतून काढून ठेवलेली तिरडी, आणि चौथा खांदा नाही. काय तोंड दाखवायचं? इतकं वाईट त्याला स्वतः नापास झाल्याचंही कधी वाटलं नव्हतं.

मोक्षधामाच्या वळणावर सरांनी करकचून ब्रेक मारला. पुढे जागाच नव्हती!

फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत माणसंच माणसं. टोप्या, दुपट्टे, मोटारसायकली. कोण शेजाऱ्यांनी केलेला खून पाहायला आलेले, कोण मोठ्या घराण्याला मान द्यायला, कोण नुसते सगळे चालले म्हणून चाललेले. नगरपरिषदेची गाडी फाटकाशीच अडली होती. तिरडी खाली उतरली तशी खांदा द्यायला झुंबड उडाली. एकाचा खांदा सुटायच्या आत दुसरा घुसत होता. नलूबाई फाटकापासून ओट्यापर्यंत जमिनीला न लागता, नुसती हातांवरून गेली.

गर्दीतून वाट काढत बेबीताई संघर्षपाशी आली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले.

"बाबू! तू खरंच सारं नेर आनलं रे! मायनं पाह्याले पाहिजे होतं. कायले घाबरे थे! पाह्य ना, किती लोकं आले!"

ती रडत होती आणि हसत होती. ही माणसं तुझ्या आईसाठी आलेली नाहीत, हे संघर्ष तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

ते सांगायचं काम सदाशिवरावांनी हाती घेतलं. सदाशिवराव म्हणजे नेरचे ठरलेले श्रद्धांजलीवाले. मयत कोणीही असो, ओट्यावर चढून चार शब्द तेच बोलायचे, आणि मयताचे व त्यांचे घरोब्याचे संबंध निघायचेच. मारोतीच्या ऑटोतला माईक त्यांनी घेतला, घसा साफ केला.

"आज आपल्यातून विजयनगरकर साहेब निघून गेले! साहेबांचे अन् माझे घरोब्याचे संबंध. हंपीले गेलो का त्यांच्याकडे जेवल्याशिवाय येऊ देत नसत! अशा देवमाणसाचा शेजाऱ्यांनी..."

बेबीताईचं रडणं थांबलं. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"बाबू, हे कोनाबद्दल बोलून राह्यले? दुसरी मौत आहे का?"

संघर्ष ओट्याकडे धावला. त्याच वेळी शेवटच्या दर्शनासाठी नलूबाईच्या तोंडावरचं कापड बाजूला झालं, आणि तो जागच्या जागी थबकला.

हा चेहरा त्याला माहीत होता! गालावर भाजल्याचा डाग, कपाळावर ठसठशीत गोंदण. ही तर खिचडीवाली मावशी! शाळेत सहा वर्षं त्याने हिच्या हातची खिचडी खाल्ली होती. ताट पुढे केलं की ती न विचारता जास्त वाढायची आणि म्हणायची, 'खाय रे, हाडाचा सापळा.' तिला नाव असेल, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. विजयनगरच्या मोडक्या देवळांसाठी त्याला शब्द सुचले होते, आणि या बाईला त्याने एका दमात उरकलं होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याने सदाशिवरावांच्या हातातून माईक घेतला. त्यांना राग आला, पण त्याचं तोंड पाहून ते बाजूला सरकले.

"कळविण्यास..." त्याने सुरुवात केली आणि आवाज फाटला. तो गाजलेला आवाज गेला कुठे कोण जाणे! साध्या, रडक्या पोराच्या आवाजात तो बोलू लागला.

"विजयनगर नाही. थे माहं चुकलं. थे इतिहासाचं होतं, आपल्यातलं कोनी नव्हतं. ह्या नलूबाई. शाळेत खिचडी शिजवे ना मावशी? थे ह्याच. आज पहाटे गेल्या. मले पन आत्ताच समजलं."

गर्दीत कुजबुज झाली. मागच्या काही जणांनी घरी जायला पाय उचलले होते, ते थांबले.

"खिचडीवाली मावशी?" पानटपरीवरचा तोच माणूस टाचा उंचावून पाहू लागला. "अरे! मले दोनदा वाढे थे!"

"माह्या पोराले घरी डबा देऊन पाठवे." हे कोणी बाईमाणूस बोललं.

बंदोबस्ताला आलेल्या हवालदाराने टोपी काढून काखेत धरली. मग एकेक जण पुढे येऊन चितेवर लाकूड ठेवू लागला. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. राठोड सरांनीही ठेवलं. लाकडं संपली तेव्हा लोक बाभळीच्या काड्या वेचून आणू लागले.

धूर वर गेल्यावर बेबीताई संघर्षजवळ येऊन उभी राहिली.

"लोकं मायसाठी आलते का, बाबू? खरं सांग."

त्याला खोटं बोलवेना.

"आलते दुसऱ्यासाठी, ताई. थांबले मात्र मायसाठीच."

बेबीताईने डोळे पुसले आणि मान हलवली. एवढं तिला पुरलं असावं, कारण नंतर तिने तो विषय काढला नाही.

सर गाडीला किक मारता मारता म्हणाले, "परवा ये. पुन्हा घेतो तुही परीक्षा. भोंगा नको आनजो फक्त."

संघर्ष फाटकाजवळच्या नळावर हातपाय धुवायला वाकला. मागे कोणीतरी खाकरलं. सदाशिवराव होते. माईक हिसकावल्याबद्दल आता बोलणी बसणार, म्हणून त्याने आधीच मान खाली घातली.

पण सदाशिवरावांनी आधी आजूबाजूला कोणी नाही ना, हे पाहिलं. मग हळूच विचारलं,

"संघर्षा, माहं झालं म्हंजे कसं करशीन रे?"

"कसं म्हंजे, काका? चांगलं सांगीन ना. नाव, गाव, समाजसेवा..."

"नाव नको सांगू, बाप्पा." त्यांनी त्याचा ओला हात घट्ट धरला. "थे हंपीवालंच लावजो."